इंदूआत्याचं परमिट

इंदूआत्या मिक्सर लावते तेव्हा आधी मोठ्याने ओरडते, "मिक्सर चार्ज होतोय. सगळे बाजूला?" मग थांबते. घरात ती एकटीच असते. तरीही डावीकडे बघते, उजवीकडे बघते आणि स्वतःच उत्तर देते, "सगळे बाजूला." त्यानंतर बटण दाबलं जातं आणि वाडीला कळतं, की आज आत्याकडे वाटणाची आमटी आहे.

आमची वाडी पालीपासून थोडी आत, खोलगटात. वर कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार, खाली आम्ही. आत्याच्या आणि माझ्या घरांच्या मध्ये एक बुटका दगडी गडगा आहे, त्यामुळे तिकडची फोडणीसुद्धा इकडे ऐकू येते. मी शाळेत शिकवते. पोरांना, पोरांच्या आयांना आणि वेळ पडली तर तपासणीला आलेल्या साहेबांनाही गप्प बसवते. वृंदाच्या तोंडाला लागू नये असं वाडीत म्हणतात, ते माझ्या कानावर आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. पण आत्यापुढे उभी राहिले की माझी पहिलीतली पोर होते. हात आपोआप मागे जातात.

आत्याचे यजमान पोफळीला कोयनेच्या वीजघरात ऑपरेटर होते. कंट्रोल रूमला. लग्न झाल्यापासून निवृत्तीपर्यंतचा सगळा संसार तिथल्या कॉलनीत झाला. आत्याने स्वतः नोकरी कधी केली नाही, पण वीजघराचे नियम नवऱ्यापेक्षा तिच्याच अंगात जास्त मुरले. ते शिफ्ट संपली की नियम शर्टाबरोबर खुंटीला टांगायचे. ही ते धुऊन, इस्त्री करून परत वापरायची. वीज सोडण्याला 'चार्ज करणं' म्हणायचं, हेही तिथलंच. निवृत्तीनंतर दोघांनी इथे घर बांधलं, थोड्याच वर्षांत ते हृदयविकाराने गेले, आणि नियम तेवढे राहिले. नवऱ्याचा उल्लेख ती 'आमचे ऑपरेटर' असाच करते, आणि तोही वर्तमानकाळात. "आमचे ऑपरेटर म्हणतात, घाईत उघडलेलं झाकण आणि घाईत लावलेलं बटण, दोन्ही हात भाजतात." हे मी इतक्यांदा ऐकलंय, की परवा वर्गात माझ्याच तोंडून निघालं.

तिला काही सांगायचं म्हणजे ते तिच्याकडून परत ऐकून घ्यावं लागतं. "आत्या, मी पालीला जात्येय, काही आणू का?" असं गडग्यावरून विचारलं, की ती हातातलं काम ठेवते. "वृंदा पालीला जाते. येताना अर्धा किलो कांदे. बरोबर?" आपण 'बरोबर' म्हणेपर्यंत ती आपल्याला हलू देत नाही. नुसतं 'हो' चालत नाही. कंट्रोल रूममध्ये म्हणे निरोप असाच घेतात, म्हणजे ऐकण्यात चूक होत नाही. मासे विकायला येणारी फातिमाबी सुरुवातीला वैतागायची. आता तीच टोपली उतरवताना म्हणते, "बांगडे ताजे, बरोबर?" आणि आत्या बांगड्याचे कल्ले उघडून पाहिल्याशिवाय 'बरोबर' म्हणत नाही.

आणि टॅग. टॅगशिवाय आत्या सांगणं म्हणजे मिठाशिवाय भात. लाल कापडाचे चौकोनी तुकडे, त्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं: 'हात लावू नये. माणूस कामावर आहे.' दुधाचं पातेलं तापत ठेवलं की गॅसच्या बटणाला टॅग. गच्चीवर आमसुलं वाळत घातली की जिन्याला टॅग. ती आंघोळीला गेली की पंपाच्या स्विचला टॅग. नियम असा, की ज्याने लावला त्यानेच काढायचा. दुसऱ्या कुणी, मग तो साक्षात ब्रह्मदेव असो, त्याला हात लावायचा नाही. आणि तुम्हाला तिच्या घरात काहीही उघडायचं, जोडायचं किंवा दुरुस्त करायचं असेल तर आधी परमिट मागायचं. "आत्या, परमिट दे." ती सगळं बघून म्हणणार, "दिलं." काम झालं की आपण म्हणायचं, "परमिट परत." पंखा दुरुस्त करायला आलेला पालीचा वायरमन पहिल्या दिवशी हसला होता. दुसऱ्यांदा आला तेव्हा दारातूनच त्याने परमिट मागितलं.

हसायला आम्हीही हसायचो. मग एका पावसाळ्यात वादळाने वाडीची लाईन पडली. लाईनमन खांबावर चढला होता आणि खाली आमच्या बापूकाकांनी मुलाने आणलेला जनरेटर थेट घराच्या बोर्डाला जोडला होता. मेन स्विच तसाच चालू. दोरी ओढायला हात घातला तेवढ्यात आत्या भिजत धावत आली आणि जनरेटरच्या आणि त्यांच्या मध्ये हात पसरून उभी राहिली. नंतर लाईनमननेच सांगितलं, की तो जनरेटर सुरू झाला असता तर वीज उलटी लाईनवर चढली असती आणि त्याला खांबावरून उतरवावं लागलं असतं. बापूकाका त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हापासून वाडीत टॅगला कुणी हसत नाही. मी तर सांगते, आमच्या गावदेवीच्या खालोखाल मी आत्याच्या टॅगला मानते.

या सगळ्यामुळे कुठल्याही कार्याला आत्याची जागा ठरलेली. लग्न असो, मुंज असो, ओटभरण असो, ती मांडवाच्या मागे मेन स्विचपाशी खुर्ची टाकून बसणार. "एवढी रोषणाई केलीय मेल्यांनी, कुणीतरी लक्ष द्यायला नको?" हळदीकुंकवाला, फोटोला, पाळण्याला तिला बोलवायला जावं, तर ती हात वर करून सांगणार, "ड्यूटीवर आहे." मलाही ते कौतुकाचं वाटायचं. ही बाई जेवायलासुद्धा स्विच सोडून येत नाही, असं मी शाळेत सांगायची.

आता प्रसादचं सांगते. प्रसाद हा आत्याच्या भावाचा मुलगा. त्याची आई तो लहान असताना गेली, आणि आत्याला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे तो पोफळीलाच वाढला. आत्याने त्याला न्हाऊमाखू घातलं, शिकवलं. आता तो मस्कतला आहे. गेल्या वेळी आला तेव्हा आत्याला लॅपटॉप ठेवून गेला आणि घरात वायफाय घेऊन दिलं, कारण आमच्या खोलगटात मोबाईलची रेंज नाही, बोलायचं तर सड्यावर चढावं लागतं. वायफायला नाव काय द्यायचं असं त्याने विचारलं तेव्हा आत्याने क्षणाचाही विचार केला नाही. 'साळवी कंट्रोल रूम.' अख्ख्या वाडीत तेवढं एकच नेटवर्क. परमिट घेऊन मीही वापरते.

प्रसादला मुलगी झाली. त्याला सख्खी बहीण नाही, म्हणजे बाळाला आत्या नाही. त्याने ठरवलं, की बाळाच्या कानात नाव सांगायचं ते इंदूआत्यानेच, लॅपटॉपवरून. नावही तिनेच ठरवायचं. वायफायवरून मला फोन करून म्हणाला, "ताई, तेवढं लावून द्यायला तू थांब. मुहूर्त दुपारचा आहे." आदल्या संध्याकाळी आम्ही ट्रायल घेतली. झकास चाललं. बाळ जांभई देताना दिसलं, आत्या हसली. मी म्हटलं, नाव काय ठरवलंस? ती म्हणाली, "ते उद्या."

दुसऱ्या दिवशी रविवार. मी लवकर आवरून गेले. आत्या प्रसादने पाठवलेली मोतिया रंगाची साडी नेसून बसली होती, केस नीट बांधलेले. मी लॅपटॉप उघडला आणि बघते तर नेटवर्कच नाही. नाव लाल नाही, फुली नाही, काहीच नाही. यादी रिकामी.

"आत्या, कंट्रोल रूम दिसत नाही."

"कंट्रोल रूम दिसत नाही. बरोबर," ती म्हणाली.

मी परमिट मागितलं. तिने दिलं. लॅपटॉप बंद करून परत चालू केला. वायफायचं बटण बंद करून चालू केलं. विमानाचं चित्र असलेलं बटण कुठे चुकून दाबलं गेलंय का पाहिलं. जुनं नेटवर्क विसरायला सांगितलं, तर लॅपटॉप ते इतकं विसरला, की आता त्याला ओळखच राहिली नाही. 'बिघाड शोधा' म्हणून एक सोय असते, ती लावली. एक गोल बराच वेळ फिरला आणि शेवटी उत्तर आलं, की काहीही बिघाड आढळला नाही. त्या लॅपटॉपचे कान धरून त्याला वर्गाबाहेर उभं करावं असं मला वाटलं.

मग मी माझा फोन काढला. त्यातही कंट्रोल रूम नाही.

"आत्या, मग राउटरच गेला असणार. कोठीत बघते."

कोठीच्या दाराला लाल टॅग होता.

"तिकडे नको," आत्या म्हणाली. "रीडिंग मी घेतलंय. दिवे हिरवे आहेत. हिरव्या दिव्यावर संशय घ्यायचा नसतो."

इतर कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याला बाजूला सारून आत गेले असते. पण टॅग तो टॅग. मी मुकाट्याने मागे फिरले. लॅपटॉप घेऊन पडवीत गेले, अंगणात गेले, तुळशीपाशी धरला, शेवटी गडग्यावर ठेवला. बापूकाका तिकडून विचारत होते, "काय गो, लॅपटॉपला ऊन देतेस काय?" मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

आत्या मात्र शांत. एवढी शांत, की मला नवल वाटलं. एरवी शेगडीवर दूध चढलं तरी जी पाच सूचना देते, ती आज नुसती म्हणत होती, "चहा ठेवू?" मुहूर्त जवळ येत होता. मी म्हटलं, चल, आपण सड्यावर जाऊ, माझ्या फोनवरून करू. तर म्हणाली, "बारसं काय सड्यावर करतात? तिथे गुरं चरतात." मी म्हटलं, मी सड्यावर जाऊन प्रसादला सांगून तरी येते. "जा," ती म्हणाली. आणि जाताना मागून म्हणाली, "त्याला म्हणावं, खोळंबू नका. सासूबाई आहेत ना तिथे, त्यांना म्हणावं उरकून घ्या."

मी धापा टाकत सड्यावर गेले. फोन लागला. मागे बायकांचा आवाज, भांड्यांचा आवाज. मी म्हटलं, "अरे, लॅपटॉपला नेटवर्कच सापडत नाहीये."

प्रसाद म्हणाला, "ताई, नेटवर्क कुठे जात नाही. कालच्या ट्रायलनंतर तिने मला निरोप पाठवला होता, की नाव सासूबाईंकडून ठेवून घे, त्या सवाष्ण आहेत. मी हो म्हटलं नाही. आत्या काहीतरी करणार हे मला वाटलंच होतं."

मी तिथल्याच एका दगडावर बसले.

"तिला सांग," तो म्हणाला, "तिने नाव ठेवलं नाही तर आम्ही ठेवणारच नाही. येऊ तेव्हा गावाला येऊ, तोवर बाळ बिननावाचं राहील. सासूबाईंनाही तेच पाहिजे. त्याच म्हणाल्या, जिने तुला वाढवलं तिच्याशिवाय पाळणा हलवायचा नाही."

उतरताना माझ्या डोक्यात एकच दिसत होतं. मांडवाच्या मागची ती खुर्ची. इतकी वर्षं प्रत्येक कार्याला मेन स्विचपाशी बसलेली आत्या, आणि आम्ही म्हणायचो, काय ही कामसू बाई. तिला कुणी 'जरा मागे बसा' म्हणायची वेळ येऊ नये म्हणून ती आधीच मागे जाऊन बसत होती. आणि एकदा तरी तिच्या हाताला धरून पुढे आणावं, हे वाडीतल्या एकाही बाईला सुचलं नव्हतं. मला राग आला. आमच्या सगळ्यांचा आला, आणि त्या लाल कापडाचाही आला.

घरी आले तर आत्या तशीच बसलेली. मी कोठीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. टॅगला हात लावला नाही.

"आत्या, कोठीत कोण कामावर आहे?"

तिने टॅगकडे पाहिलं.

"टॅगवर लिहिलंय, माणूस कामावर आहे. कोण आहे?"

आत्या हजार गोष्टी टाळेल, पण टॅगबद्दल खोटं बोलणार नाही. ती उठली, टॅग काढला, दार उघडलं. "कुणी नाही," ती म्हणाली.

राउटर नेहमीच्या जागी, पत्र्याच्या ट्रंकेवर होता. त्याच्यावर पालथा घातलेला टोप. साधासुधा नव्हे, वाडीच्या पूजेला भात शिजवतात तो भला मोठा टोप. आणि मी खरं सांगते, एवढ्या सगळ्यातही मला त्या बाईचं नवल वाटलं, कारण टोपाच्या कडीला तिने एक तार बांधून ती खिडकीतून बाहेर अर्थिंगला नेली होती. वायफाय बुडवतानासुद्धा तिने नियम सोडला नव्हता.

"बोगद्यातून आत वीजघरात शिरलं की आमच्या ऑपरेटरांचा रेडिओ मुका व्हायचा," ती म्हणाली. "चारी बाजूंनी झाकलं की असल्या गोष्टी मुक्या होतात, हे मला तेव्हापासून ठाऊक. टोप घातला, दिवे हिरवेच राहिले. खोटं मी बोलले नाही."

"कशासाठी गो आत्या?"

"मी ही अशी. त्या पोरीच्या कानात पहिला शब्द माझा कशाला? उद्या तिला ठेच लागली तरी मला वाटेल, माझ्यामुळेच लागली." ती टोपाकडे बघत होती. "माझंही मन होत नव्हतं असं नाही. साडी नेसले मी. पण टोप आधी घातला, साडी नंतर नेसले."

मला रडू आलं, पण मी शाळामास्तरीण आहे, रडू गिळून बोलायची मला सवय आहे. मी म्हटलं, "प्रसादचा निरोप आहे. तू नाव ठेवलं नाहीस तर बाळाला नाव ठेवणारच नाहीत. त्याची सासू म्हणते, तुझ्याशिवाय पाळणा हलवायचा नाही. ते गावाला येतील तोवर बाळ बिननावाचं."

"बिननावाचं," ती म्हणाली. मला वाटलं आता 'बरोबर?' म्हणेल. ती म्हणाली नाही.

"टोप मी काढणार नाही," मी म्हटलं. "तू घातलायस. ज्याने लावलं त्याने काढायचं. तुझाच नियम आहे."

घड्याळाकडे बघायचं धाडस मला झालं नाही. मग तिने आधी कडीची तार सोडली, नीट गुंडाळून बाजूला ठेवली, आणि दोन्ही हातांनी टोप उचलला. घाई अजिबात केली नाही. बाहेर लॅपटॉपवर कंट्रोल रूम हजर झाली.

मस्कतला सगळे वाट बघत बसले होते. पाळण्याला फुलं लावलेली, प्रसादची बायको कोपऱ्यात, सासूबाई पाळण्याची दोरी धरून. त्यांनी पडद्यातूनच हात जोडले आणि म्हणाल्या, "विहीणबाई, या हो. कधीच्या थांबलोय." आत्याने पदर सारखा केला. प्रसादने फोन बाळाच्या कानाशी नेला, तसा आमचा सगळा पडदा त्या एका कानाने भरून गेला. केवढासा कान, आणि त्यावर बारीक लव.

आत्या लॅपटॉपवर वाकली. दोन्ही हात तोंडाशी धरले, जणू खरंच पाळण्यात वाकली आहे, आणि म्हणाली, "कुर्र." मग नाव घेतलं. "कोयना." परत म्हणाली, "कुर्र. कोयना." तो कान किंचित हलला. तिकडे बायका हसत होत्या.

बारशाला आत्या अशी बाळाच्या कानात कुर्र करायला लागली, की भोवतीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. आमच्याकडची जुनी थट्टा आहे ती. मला एकदम आठवलं, की इथे भोवती दुसरी कुणीच नाही. मी एकटी आहे. मी पुढे झाले आणि तिच्या पाठीवर हलकेच हात मारला. मोतिया साडीखाली तिची पाठ माझ्या कल्पनेपेक्षा लहान होती.

तिने मान वळवली नाही. कानावरची नजरही काढली नाही.

"जोरात मार गो वृंदे," ती म्हणाली. "कितीतरी वर्षांत मला कुणी मारलं नाही."

मग मी दोन्ही हातांनी मारायला लागले, आणि ती कुर्र करत राहिली.